नकाशा होता, गाव मात्र हललं नाही

महोदय,

ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाव्हा येतो. पण कोलंबियातलं आर्मेरो लाव्हाने नाही, चिखलाने गाडलं. १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री नेवादो देल रुइझचा उद्रेक तसा लहानच होता. शिखरावरचं थोडं बर्फ वितळलं, राखेत मिसळलं आणि नदीच्या पात्रातून ७० किलोमीटरहून अधिक वाट कापत सुमारे अडीच तासांत गावावर येऊन आदळलं. सुमारे २३,००० माणसं गेली.

चीड येते ती याची, की धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता आणि त्यात आर्मेरो स्पष्ट दिसत होतं. १८४५ सालीही असाच लोंढा तिथे आला होता. गाव वसलं ते त्याच गाळावर! नकाशा तज्ज्ञांच्या टेबलावरून पोलीस चौकीपर्यंत, शाळेपर्यंत नीट पोहोचलाच नाही. त्या संध्याकाळी तर लोकांना घरातच थांबायला सांगितलं गेलं.

१९९१ मध्ये फिलिपाइन्सच्या पिनातुबोला उलट घडलं. नकाशासोबत इशाऱ्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या, अधिकाऱ्यांना उद्रेकांची चित्रफीत दाखवली आणि हजारो लोक वेळेत हलवले.

आपला सह्याद्री लाव्हाचाच, पण कधीचाच थंड झालेला. तरी दरडप्रवण गावांचे नकाशे आपल्याकडेही होतात. ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, गावकऱ्यांना कळतील अशा मराठीत लागावेत.

– एक निवृत्त भूगोल शिक्षक, सातारा