मालाडचा जर्मन कॅमेरामन

चि. मैथिली,
अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज बाबांनी दोनदा लावून ऐकवला. तुझ्या म्युनिकच्या वर्गमैत्रिणीला तू बॉम्बे टॉकीजचा १९३६ चा ‘अछूत कन्या’ दाखवलास आणि श्रेयनामावलीत जर्मन नावं बघून ती चाट पडली, हे ऐकून मला गंमतच वाटली. हा योसेफ विर्शिंग कोण, आणि युद्धात त्याचं काय झालं, असं तिने विचारलं ना? फोनवर तू मला अर्धं वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

विर्शिंग मूळचा तुझ्याच गावचा. १९०३ साली म्युनिकला जन्मला आणि तिथल्या एमेल्का या चित्रपट कंपनीत कॅमेरा शिकला. १९२५ मध्ये हिमांशू राय यांच्या बुद्धावरच्या मूकपटासाठी दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेनबरोबर पहिल्यांदा भारतात आला. पुढे १९३४ मध्ये राय आणि त्यांची पत्नी, नटी देविकाराणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज ही चित्रपटसंस्था काढली, तेव्हा हे दोघे पुन्हा आले. लॅब सांभाळायलाही जर्मन, सेट उभारायलाही जर्मन. ऑस्टेनला हिंदीचा गंध नव्हता, तरी चार-पाच वर्षांत त्याने पंधराच्या आसपास हिंदी चित्रपट काढले. आपल्याकडे काय चालत नाही!

आता तुझ्या कामाचं. फोटो स्टुडिओत मी इतकी वर्षं निगेटिव्हवर पेन्सिल चालवली, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवली, नाकं सरळ केली. त्या नजरेने सांगते, विर्शिंगने टिपलेल्या देविकाराणीच्या चेहऱ्यावर माझ्यासारखीला करायला कामच उरत नाही. मुख्य दिवा वरून, तिरका. गालफडाखाली नेमकी तेवढीच सावली. मागच्या दिव्याने केसांची कड उजळलेली, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीतही डोकं बुडत नाही. तुमच्याकडे हे सगळं कॉम्प्युटरवर नंतर दुरुस्त करतात. विर्शिंग ते दिवा हलवून करायचा. चित्रीकरणाच्या मधल्या वेळात तो स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटोही काढत असे: सेट, दिवे, काम करणारी माणसं. ते त्याच्या नातवाने गोव्यात जपून ठेवले आहेत, आणि २०१७ मध्ये पणजीच्या सेरेंडिपिटी महोत्सवात त्यांचं प्रदर्शन झालं होतं.

आणि मग ३ सप्टेंबर १९३९. इंग्लंडने युद्ध पुकारलं, आणि व्हाइसरॉयने इथल्या एकाही पुढाऱ्याला न विचारता हिंदुस्थानालाही त्यात ओढलं. तेव्हा ‘कंगन’ चित्रपटाचं काम चालू होतं. बॉम्बे टॉकीजचे जर्मन एका फटक्यात शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले आणि त्यांना स्थानबद्ध केलं गेलं. ऑस्टेन साठी उलटलेला, त्याला १९४० मध्ये सोडलं आणि तो जर्मनीला परतला. विर्शिंगची युद्धाची वर्षं मात्र इथल्याच छावण्यांत गेली. अशा जर्मनांना आधी अहमदनगरला आणत, मग देवळालीला, आणि १९४१ पासून डेहराडूनजवळच्या मोठ्या तळावर. बायकापोरं असलेल्यांसाठी सातारा-पुरंदरला वेगळी सोय होती. अहमदनगर म्हटलं की आपल्याला किल्ल्यात डांबलेले नेहरू, पटेल, आझाद आठवतात, पण ते १९४२ चं. त्याआधीच त्या गावात जर्मन माणसं कोंडून झाली होती.

तुझ्या मैत्रिणीला एक बाजू सांगून मोकळी होऊ नकोस. छावण्यांत कट्टर नाझी होते, मिशनरी होते, व्यापारी होते. हिटलरच्या तावडीतून जीव वाचवून आलेल्या ज्यूंनाही पासपोर्ट जर्मन म्हणून सुरुवातीला आत टाकलं होतं. खुद्द ऑस्टेन १९३६ पासून नाझी पक्षाचा सभासद होता. बाईच्या माथी अस्पृश्यतेचा शिक्का मारणाऱ्या समाजाची गोष्ट त्याच वर्षी त्याने ‘अछूत कन्या’त इतक्या मायेने पडद्यावर मांडली. याचा मेळ मला आजवर लागलेला नाही, आणि उगाच लावूही नये.

डेहराडूनहून १९४४ मध्ये पळून तिबेटात गेलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर जगाला माहीत आहे. पळून न जाता थांबून राहिलेल्या कॅमेरामनची गोष्ट कोण सांगणार? त्याच्या चित्रपटांची यादी काढ, १९३९ नंतर थेट युद्ध संपेपर्यंत काही नाही. तोवर बॉम्बे टॉकीज थांबली नव्हती. राय १९४० मध्ये गेले, जर्मनांच्या हाताखाली शिकलेल्या आपल्या पोरांनी कॅमेरे हातात घेतले, १९४३ च्या ‘किस्मत’ने तर कलकत्त्याच्या एका थिएटरात तीन वर्षांवर मुक्काम ठोकला. विर्शिंगच्या हातची ऐन उमेदीची वर्षं गेली ती गेलीच. तिशीतला माणूस आत गेला आणि चाळिशी ओलांडून बाहेर आला.

आणि बाहेर आल्यावर इथेच राहिला. ज्यांनी कोंडलं ते दोन वर्षांत निघून गेले, हा मात्र मालाडला! १९४९ चा ‘महल’ त्याचा. ते भुताटकीचं घर, झोक्यावरची मधुबाला, जिन्यावर पडलेल्या लांब सावल्या बघ, म्हणजे म्युनिकचं शिक्षण कुठे कुठे मुरलंय ते कळेल. मग ‘दिल अपना और प्रीत पराई’, आणि शेवटी ‘पाकीजा’. ते काम इतकं रेंगाळलं की १९६७ मध्ये विर्शिंग गेला, उरलेलं दुसऱ्या छायाचित्रकारांनी पुरं केलं आणि चित्रपट लागला १९७२ मध्ये. कोणता शॉट कोणाचा, यावरून बाबांचे आणि माझे अजून वाद होतात.

एमेल्काचा स्टुडिओ गाइझेलगास्टाइगला होता, तिथेच आता ‘बवेरिया’ या चित्रपट कंपनीचा स्टुडिओ आहे. तुला तिथे जाणं अवघड नसावं. मैत्रिणीला घेऊन जा. ‘पाकीजा’ तिला लॅपटॉपवर दाखवू नकोस, सिनेमास्कोप म्हणजे रुंद पडद्याचा आहे, मोठा पडदा मिळवा कुठून तरी. थंडी वाढली म्हणतेस, तर कानटोपी घालत जा. बाबा मेथीचे लाडू कुरिअर करायचं म्हणतायत, पत्ता पिनकोडसकट पाठव.

तुझी,
आई