बाहेरचा माइक लावूनही खरखर का?

महोदय,

कॅमकॉर्डरला बाहेरचा माइक जोडला की आवाज आपोआप स्वच्छ येतो, हा समज इतका रुजला आहे की चित्रीकरण करताना कानाला हेडफोन लावण्याची तसदीही बहुतेक जण घेत नाहीत. एका व्याख्यानाचे दीड तासाचे चित्रीकरण करताना मीही हीच चूक केली; वक्ते क्षणभर थांबले की मागची सूं-सूं हळूहळू चढे आणि पुढचा शब्द येताच दबे. दोष माइकचा नव्हता. कॅमकॉर्डरमधील स्वयंचलित ध्वनिनियंत्रण शांततेतही पातळी वाढवत राहते आणि तिच्याबरोबर खरखरही वर येते. ते बंद करून सर्वांत मोठा आवाज कॅमकॉर्डरच्या पातळीदर्शकावर (ज्यात शून्य ही कमाल मर्यादा असते) उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी हाताने ठरवावी, कारण डिजिटल ध्वनिमुद्रणात शून्याच्या वर जाऊ पाहणारा आवाज फाटतो आणि नंतर तो पूर्ववत करणे जवळजवळ अशक्य असते.

अनेक माइकचे आवाज एकत्र करणारा मिक्सर हा दुसरा सापळा. त्याचा लाइन पातळीचा, म्हणजे माइकपेक्षा कितीतरी जोरदार संकेत असलेला आवाज थेट माइकच्या सॉकेटमध्ये दिला, तर पुढे तो कितीही खाली आणला तरी बहुधा फाटलेलाच राहतो. लांब अंतरावर ३.५ मिमी पिनच्या साध्या वायरीत गुणगुण शिरते. तेथे एक्सएलआरची (तीन पिनांच्या जोडणीची) संतुलित, म्हणजे वाटेत शिरलेली गुणगुण रद्द होईल अशी वायर हवी. मात्र महागड्या माइकपेक्षाही मोलाचे आहे ते अंतर: मोकळ्या जागेत माइक निम्म्या अंतरावर आणला, तर बोलणाऱ्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, आणि तोही फुकट.

– एक वाचक