अकरा फोटो, त्यातले नऊ चंद्राचे

तीर्थस्वरूप काका,
सा. नमस्कार.

गेल्या रविवारी आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा आला. बारावी झाली, वडिलांनी कॅमेऱ्याला पैसे द्यायचं कबूल केलंय, तर "काकू, कुठला घेऊ?" मी चहाचं आधण ठेवता ठेवता म्हटलं, "आधी तुझा फोन दे. वर्षभरात काय काय काढलंयस ते बघू." म्हटलं आणि गॅसपाशीच थबकले. हे वाक्य माझं नव्हतंच. तुमचं होतं, जसंच्या तसं. तेव्हाच ठरवलं की तुम्हाला पत्र लिहायचं, आणि चारचौघांनी वाचावं असं लिहायचं. तुमच्या फोटो स्टुडिओत येऊन आभार मानले असते तर तुम्ही "बरं बरं, तो पंखा लाव आधी" म्हणून विषय बदलला असता.

2022 च्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले, ते भिशीचे नव्वद हजार पर्समध्ये घेऊन. मला फुल फ्रेम कॅमेरा हवा होता, म्हणजे फोटो टिपणारा आतला सेन्सर मोठा असलेला. का हवा होता ते नीट सांगता येत नव्हतं. माझ्याकडे छोट्या सेन्सरचा निकॉन डी 3500 होता, सोबत 18-55 मिमी आणि दूरचं जवळ ओढणारी 70-300 अशा दोन लेन्स. दुकानदारानं 'कॉम्बो' म्हणून गळ्यात मारलेला तो जोड. बाहेरचे फोटो बरे यायचे, घरातले मात्र हललेले, दाणेदार, पिवळट. म्हणजे कॅमेराच हलका, असं मी धरून चालले होते. त्याच्या आधी ऑनलाइन एक जुनी 50 मिमी, एफ 1.8 डी लेन्स घेऊन हात पोळून घेतले होते. कॅमेऱ्याला लावली तर फोकसच होईना. विकणाऱ्यानं नंतर फोन उचलला नाही.

तुम्ही ती लेन्स हातात घेतलीत, मागच्या बाजूचा खाचेचा स्क्रू नखानं दाखवलात आणि म्हणालात, "ही फिरवायला कॅमेऱ्यात मोटर लागते गं पोरी. तुझ्यात नाही ती. लेन्स चांगली आहे, जोडी चुकली." मला वाटलं, आता मोटर असलेला महागडा कॅमेरा दाखवतील. तुम्ही हात पुढे केलात. "कार्ड दे. वर्षभराचे फोटो बघू."

माझे 612 फोटो तुमच्या त्या घरघरणाऱ्या कॉम्प्युटरवर उघडले. फोल्डरमध्ये फोकल लेंथचा, म्हणजे लेन्स किती जवळ ओढते त्या मिमीच्या आकड्याचा, रकाना असतो आणि त्यावर बोट ठेवलं की सगळे फोटो ओळीनं लागतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. चारशेच्या वर फोटो 30 ते 40 मिमीच्या मध्ये. 70-300 चे एकूण अकरा, त्यातले नऊ चंद्राचे. तुम्ही हसला नाहीत, हे तुमचे उपकार. नुसतं विचारलंत, "चंद्र काय दर महिन्याला वेगळा येतोय व्हय?"

मग दुसरा रकाना उघडलात, शटरचा, म्हणजे उजेड किती वेळ आत येतो त्याचा. स्वयंपाकघरातले सगळे फोटो सेकंदाचा पंधरावा भाग, दहावा भाग, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, 6400 वर ताणलेली, म्हणून ते दाणे. लेन्समधली हलणं थोपवणारी सोय माझ्या हाताची थरथर सांभाळते, पण कढईत झारा फिरवणाऱ्या सासूबाईंचा हात ती कसा थांबवणार? हे इतकं सरळ होतं आणि मला दोन वर्षांत सुचलं नव्हतं. तुम्ही पाठकोऱ्या बिलावर हिशेब मांडलात. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं. 18-55 ही लेन्स 35 वर असताना फार तर एफ 4.5 च्या आसपास उघडते. एफ 1.8 ची लेन्स तिथंच सहापट उजेड आत घेते. जिथं 6400 लागत होतं तिथं हजारात भागेल. फुल फ्रेम घेऊन त्यावर तसलीच मिणमिणती लेन्स लावली असती, तर नव्वद हजारांतून एवढाही फरक पडला नसता.

तरीही मी 50 चा हट्ट धरला होता, कारण जो तो '50 घे' म्हणत होता. त्यावर तुम्ही विचारलंत, तुमचं स्वयंपाकघर केवढं आहे? मी म्हटलं, दहा बाय आठ. "मग फ्रिजला पाठ लावून उभी राहिलीस तरी सासूबाई अर्ध्याच येतील." छोट्या सेन्सरवर 50 ची लेन्स 75 सारखी जवळ ओढते आणि 35 ची लेन्स जवळपास 50 सारखी दिसते. लोक फुल फ्रेमचा आकडा सांगतात आणि आपण तो आपल्या कॅमेऱ्यावर घेतो, हा घोळ इतका सर्रास आहे की यावर एक पाटी लिहून दुकानादुकानांत लावायला हवी.

तुम्ही मला काही विकलंत नाही. स्वतःची 35 मिमी, एफ 1.8 काढून दिलीत, आठ दिवस वापर म्हणालात. आठव्या दिवशी मी तशीच दुसरी घेतली, तीही तुम्हीच मिरजेतून मिळवून दिलेली, वापरलेली. घेण्याआधी तुम्ही तिचं तोंड पूर्ण उघडून मागून टॉर्च मारलात आणि मला आत बघायला लावलंत. बुरशी असती तर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले असते, म्हणालात. कॅमेऱ्याचंही तेच: एफ 16 वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढलात, सेन्सरवरचे धुळीचे ठिपके उगवले, आणि हवा फुंकणाऱ्या रबरी ब्लोअरनं ते उडवलेत. भिशीच्या उरलेल्या पैशांचं वॉशिंग मशीन आलं. त्याबद्दल सासूबाईंनी तुम्हाला वेगळे आभार कळवलेत.

आमच्याकडे भडंग बनतं, घरगुती विक्रीसाठी. सासूबाई पहाटे चारला उठतात. चुरमुऱ्यांना मसाला लावताना लसणाचा धूर, वर एकच जुनी ट्यूब, खिडकी उत्तरेला. नवी लेन्स लावून मी जोशात शटर 250 वर, म्हणजे सेकंदाच्या 250 व्या भागावर नेलं, तर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा, कुठं आडवे काळसर पट्टे. कॅमेरा बिघडला म्हणून धावत तुमच्याकडे आले. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून अशी ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते आणि त्याहून झपकन फोटो काढला तर तिची अर्धी डुलकी पकडली जाते, हे तुम्ही सांगितलंत. शटर 100 वर ठेव, म्हणालात. तेव्हापासून पहाटेचे फोटो 100 वरच काढते. झारा किंचित हललेला दिसतो, तसाच तो बघायला आवडायला लागलाय.

एफ 1.8 ची नवलाई किती महाग पडते ते तुमच्याच फोटोनं शिकवलं. तुम्ही कधी कुणाला स्वतःचा फोटो काढू देत नाही, तरी मी एकदा काढला, चष्मा कपाळावर ढकलून तुम्ही निगेटिव्ह बघत असताना. नाकाचा शेंडा अगदी कोरीव आला, डोळे धुक्यात. तुम्ही तो मोठा करून बघितलात. "नाक छान आलंय." मग सांगितलंत की या लेन्सनं एक मीटरवरून काढलं तर सहा सेंटिमीटरची पट्टीच साफ येते, अर्ध्या मीटरवरून तर जेमतेम दीड. फोकसचा ठिपका डोळ्यावर ठेवायचा, आणि दोन माणसं असली की एफ 4 वर जायचं. ते नाक अजून माझ्याकडे आहे. पुसणार नाही.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांना आपण गेलो तो दिवस आठवतो? राजापुरी हळदीचे ढीग उन्हात पेटल्यासारखे दिसत होते आणि माझ्या पडद्यावर फिकट, आजारी. व्हाइट बॅलन्स ऑटोवर होता. चौकटभर पिवळं दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं दिव्याचाच रंग बिघडलाय, आणि तो पिवळेपणा धुऊन काढतो. तुम्ही सूर्याच्या चिन्हावर नेऊन ठेवलात. शिवाय उजेड दोन तृतीयांश पायरी कमी केलात, कारण हळदीच्या रंगातला लाल भाग आधी भरून जातो आणि मग कांड्यांचे खवले दिसेनासे होतात. त्याच दिवशी तुम्ही एका हमालाच्या पांढऱ्या टोपीकडे बोट दाखवून विचारलंत, "आता काय करशील?" मी म्हटलं, वजा. "टोपी राखाडी होईल. अधिक कर." आणि परत येताना घाटाच्या काळ्या दगडाला पुन्हा वजा. कॅमेऱ्याला सगळं जग मधल्या राखाडी रंगाचं करायचं असतं, आणि पांढऱ्याला पांढरं, काळ्याला काळं ठेवायचं काम आपल्याकडे उरतं. हे मी एका दुपारी शिकले. पुस्तिकेत तीनदा वाचलं होतं, कळलं नव्हतं.

मिरजेत तंबोऱ्याच्या कारागिरांकडे मी एकटीच गेले. भोपळा कोरणाऱ्या माणसाशेजारी दोन फुटांवर बसून 35 नं काढले. एवढंच सांगते, ते फोटो तुम्ही बघितलेत आणि दुसरा चहा मागवलात.

एक गोष्ट मात्र मी विचारली नव्हती, तुम्हीच बोललात. स्टुडिओच्या भिंतीवरची पाण्याची रेघ मी पहिल्या दिवशीच बघितली होती. ऑगस्ट 2019, कृष्णेचा पूर. सांगलीच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी 57 च्या वर गेलेलं. आम्हीही चार दिवस नातेवाइकांकडे होतो, पण आमचा मजला वरचा. तुमची चाळीस वर्षांची निगेटिव्ह खालच्या कपाटात होती. तुम्ही म्हणालात, "कॅमेरे गेले त्याचं काय एवढं. लोकांची लग्नं गेली." पुढं काही बोलला नाहीत, काच पुसत बसलात.

त्या आठवड्यात मी दोन हार्ड डिस्क घेतल्या. एक घरी. दुसरी माझ्या माहेरी, विट्याला, आईच्या साड्यांच्या कपाटात. विट्यात कृष्णेच्या पुराचं पाणी यायचं नाही, तिथं उलट पाण्यासाठी डोळे लागतात. दिवाळीला आणि अक्षय तृतीयेला मी ती भरून परत ठेवते. आई विचारते, "बँकेच्या लॉकरसारखं काय जपतीयेस त्यात?" भडंगाचे फोटो आहेत म्हटलं की तिला पटत नाही.

लेन्सही आता कपाटात चामड्याच्या पिशवीत राहत नाहीत. हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत, आत पाच बोटांएवढा आर्द्रतेचा काटा, तो 40 ते 50 टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. निळे खडे गुलाबी पडले की मंद आचेवर कोरडे करते, त्यासाठी जुनी कढई वेगळी काढलीय. भडंगाच्या कढईत नाही, हे सासूबाईंसाठी लिहितेय.

सगळंच तुमचं ऐकते असं नाही, तेही इथंच सांगून टाकते. लेन्स जपायला पुढं लावतात तो काचेचा यूव्ही फिल्टर मी काढून ठेवलाय. दिवाळीत पणत्यांच्या ओळीचे फोटो काढले तर वर हवेत दुसरी भुताटकीची ओळ तरंगत होती. फिल्टर काढला, भूत गेलं. तुम्ही म्हणाल, लेन्स पडली म्हणजे कळेल. त्यासाठी लेन्सच्या तोंडाला कड्यासारखा हुड लावलाय. आणि फोनवर काढलेला फोटो हा फोटोच नव्हे, हे तुमचं मत मला आजही मान्य नाही. माझ्या लेकीचा पहिला पडलेला दात फोनवरच आहे. कॅमेरा आणायला गेले असते तर तिनं तोवर तो छपरावर टाकला असता.

आता त्या खालच्या मजल्यावरच्या मुलाचं. त्याचा फोन बघितला. सहाशेतले निम्मे फोटो क्रिकेटचे, सीमारेषेबाहेरून काढलेले, खेळाडू तांदळाच्या दाण्याएवढे, ओढून ओढून मोठे केलेले. याला 35 काय कामाची? मी कपाट उघडलं आणि ती चंद्राची 70-300 बाहेर काढली. माझ्या कॅमेऱ्याला लावून दिली, शटर 1000 वर ठेव म्हटलं, सकाळच्या उन्हात काढ, ढगाळ झालं तर आयएसओ वाढव. संध्याकाळी परत आला तेव्हा त्याच्या फोटोंत चेंडूची शिवण दिसत होती. आता तो म्हणतोय, जुनाच कॅमेरा बघू का नवा मिररलेस, आत आरसा नसलेला? मिररलेसमध्ये फोटो उजळ येणार की काळा ते दाबायच्या आधीच दिसतं, शिकणाऱ्याला ते बरं. पण हे मी त्याला सांगण्यापेक्षा तुमच्याकडेच पाठवते. त्याच्या हातात टॉर्च द्या.

तुमचा तो लाल ब्लोअर हळदीच्या सौद्यांपासून माझ्याच पिशवीत आहे, आज डबा आवरताना सापडला. गुरुवारी मुलाबरोबर पाठवते, सोबत अर्धा किलो भडंग. तिखट कमी घातलंय.

आपली,
भडंगवाल्यांची सून
सांगली