पम्यास, रीगाहून

रीगा, 12 डिसेंबर

प्रिय पम्या,

दोन वर्षांत तुला धड चार ओळी लिहिल्या नाहीत. फॉरवर्ड पाठवले तेवढेच. शिव्या घालायच्या असतील तर आत्ताच घालून घे, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

तब्येत बरी आहे. इथे सध्या नऊला उजाडतं आणि पावणेचारला अंधार पडतो, म्हणून डॉक्टरांनी डी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्यात. झालं, संपलं.

लिहायला बसलो ते एका शब्दापायी. आमच्याकडे एक अ‍ॅप लात्वियनमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत, आणायचं काम आलंय. ते रोज विचारतं, आज कसं वाटतंय? खाली बटणं. इंग्रजीत आनंदाची चार आणि दुःखाची एकोणीस. भाषांतर करणारी बाई माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, वयाने आपल्या आयांएवढी. इंग्रजी शब्दांतला फरक तिला समजावून सांगणं हे माझं काम. होय, माझं! हसून घे. बारावीच्या तोंडी परीक्षेला मी ‘सॅड’ आणि ‘सेड’ सारखंच म्हणालो होतो, ते तू अजून लग्नाकार्यात सांगतोस.

‘ब्लू’ म्हणजे इंग्रजीत उदासही. त्याचं मशीनने सरळ ‘निळा’ करून ठेवलं होतं. बाई म्हणाली, हा माणूस गारठलाय का? मी म्हटलं, आमच्याकडे माणूस निळा पडला तर आधी साप शोधतात.

पण एक मजा सांगतो. लात्वियनमध्ये ‘मी दुःखी आहे’पेक्षा ‘मला दुःखी आहे’ असं म्हणायची रीत जास्त. ‘मन इर स्कुम्यी’. ह्यातला ‘मन’ म्हणजे ‘मला’, आणि ऐकायला जवळपास आपलं मनच! ‘मला दोन बहिणी आहेत’ हेही ते आपल्यासारखंच म्हणतात. इंग्रजाला हे सांगता सांगता घाम फुटतो, मला मात्र पहिल्या दिवशी कळलं. क्लासमध्ये तेवढा एकच दिवस मी पहिला आलो. बटणांवरही ह्याचा उपयोग झाला. एरवी विशेषणाला पुरुष की बाई ते ठरवावं लागतं, ‘बॅदीग्स’ की ‘बॅदीगा’. ‘मन इर’ म्हटलं की ती कटकट गेली. नाम घ्यावं तर ‘स्कुम्यास’, ते कायम अनेकवचनी. आपले हाल असतात तसं. एकटा हाल कुणाचा झालेला ऐकलायस?

‘डिप्रेस्ड’वर दोन दिवस गेले. इंग्रजीत चहा गार झाला तरी लोक डिप्रेस्ड होतात. इथे ‘देप्रेसिया’ म्हटलं की डॉक्टरकडची चिठ्ठीच. बाईने ‘नुओमाक्त्स’ सुचवलं, म्हणजे दाबला गेलेला. आभाळ भरून येतं त्यालाही ती त्याच कुळातलं क्रियापद वापरते, आणि ढगाला म्हणतात ‘माकोनिस’. मी तिला आपलं मळभ सांगितलं, आभाळावरचं आणि मनावरचं. तिने ते वहीत लिहून घेतलं.

‘ग्रीफ’ला ‘सॅरास’ घ्यायचं का, हे मी सहज विचारलं तर ती गप्प झाली. तो सुतकाचा शब्द. 25 मार्चला इथे घरोघर झेंड्याला काळी फीत लावतात. 1949 मध्ये त्या दिवसांत सोव्हिएत सरकारने 42 हजारांहून जास्त माणसं मालगाड्यांत भरून सायबेरियाकडे नेली. तिची आजी त्यांत होती. हा शब्द बटणावर नको, म्हणाली. नाही घेतला.

आणि कंटाळा आला की ती एक जुनं चार ओळींचं लोकगीत म्हणते. त्यातली बाई आपलं दुःख दगडाखाली ठेवते आणि गात गात वरून चालत जाते. अशी दोन लाखांहून जास्त गाणी क्रिश्यानिस बारोन्स ह्या माणसाने छापून काढली. गाण्यांच्या चिठ्ठ्या ठेवायचं त्याचं कपाट इथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, मी पाहून आलो. माझ्या आजीने जात्याच्या दोन दगडांमध्ये काय काय घातलं असेल, ते कपाटात कुणी ठेवलं नाही.

आता तो शब्द. यादीत शेवटचा. ‘नम’. हिंदी गाण्यांत डोळे नम होतात ते ओले. इंग्रजीतला हा नम ठणठणीत कोरडा, म्हणजे बधिर झालेला. बाईने लिहिलं ‘विएनाल्द्झीग्स’. मग उलट भाषांतर झालं, म्हणजे मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाने ते परत इंग्रजीत आणलं. आलं काय, तर ‘इंडिफरंट’. ज्याला कशाचं काही पडलेलं नाही असा.

पम्या, मी खुर्चीत तसाच बसून राहिलो.

पुराचं वर्ष. तुझ्या अण्णांचा दहावा. कावळा तासभर शिवेना आणि तू घड्याळ बघत होतास. रात्री खोलीवर तू म्हणालास, “काही वाटत नाही रे.” मी काय बोललो ते तुला पाठ असेल. आणि मी ते फक्त तुला नाही बोललो, सुन्याला बोललो, मेसवर बोललो. मग चार महिने अबोला. सगळ्यांना आपण सांगितलं की सिलिंडरच्या पैशांवरून वाजलं. इतक्या वेळा सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

बाईला एवढंच म्हटलं, हा शब्द चुकलाय, त्या माणसाला पडलेलं असतं. तिने ‘नुओतिर्पिस’ काढला, पाय बधिर होतो तसा. इथेही अंगावर मुंग्याच धावतात, बरं का, ‘स्कुद्रिन्यास’. पण ती म्हणाली, मुंग्या आल्या म्हणजे पाय जागा होतोय. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, शब्द कशाला हवा, तो माणूस काय म्हणतो तेच लिहू. ‘नेको नेयूतू.’ काही वाटत नाही.

बटणात बारा अक्षरं मावतात. त्यांच्या लिपीत ही अकरा होतात, मधली मोकळी जागा धरून. बसलं.

तुझं काय? सोनूची दहावी यंदाच ना? वहिनींच्या गुडघ्याचं काय ठरलं? द्राक्षाला भाव मिळाला की परत व्यापारी पळाला? काकूंना माझा नमस्कार सांग, लोणचं पोचलं म्हणावं, विमानतळावर एक बरणी गेली ते सांगू नकोस.

आणि सिलिंडरचे निम्मे पैसे मीच द्यायचे होते. दीडशे रुपये. तुझा जीपेचा नंबर तोच आहे का?

तुझा,
बाळ्या