दहा दिवसांत मिळायचा होता तो कागद : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : रस्ता अपघातातील जखमींना त्यांच्या हक्कांची माहिती देणारा ‘नमुना २’ प्रत्यक्ष हातात देण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

रस्ता अपघातांविषयीची पत्रे बहुधा परिवहन मंत्र्यांच्या नावे निघतात. हे पत्र मी विचार करून आपल्याकडे पाठवते आहे. जखमी माणसाला त्याचे हक्क आणि भरपाईची सगळी वाट सांगणारा एक छापील कागद अपघातानंतर १० दिवसांच्या आत दिलाच पाहिजे, असा नियम १ एप्रिल २०२२ पासून देशभर लागू आहे. केंद्रीय मोटार वाहन (पाचवी सुधारणा) नियम, २०२२ मधला तो ‘नमुना २’. तो द्यायची जबाबदारी आरटीओवर, विमा कंपनीवर किंवा इस्पितळावर टाकलेली नाही. ती पोलीस ठाण्यातल्या तपास अधिकाऱ्याची आहे, आणि पोलीस खाते आपले आहे.

माझा मोठा भाऊ वायरमन आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका रात्री तो कामावरून मित्राच्या गाडीतून परत येत होता. ओव्हरटेक करणारी समोरची मोटार थेट त्यांच्यावर आली. मित्राचे खरचटण्यावर निभावले. दादाच्या उजव्या मांडीचे हाड मोडले आणि घोट्याचा चुरा झाला. मांडीत रॉड, घोट्याला प्लेट, इस्पितळात १६ दिवस.

तिसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आले. वागायला चांगले होते, दादाला पाणी पाजून मग प्रश्न विचारले. जबाब लिहिला, सही घेतली, ‘काही लागलं तर ठाण्यात या’ म्हणाले आणि गेले. आम्हाला काय लागणार आहे, हेच आम्हाला ठाऊक नव्हते. पाचव्या दिवशी एक गृहस्थ वॉर्डात आले. दादाचे नाव, गाडीचा नंबर, कुठले हाड मोडले, त्यांना सगळे माहीत होते. ‘क्लेमचं मी बघतो, तुम्ही फक्त सह्या करा, येतील त्यातले ३० टक्के माझे.’ वहिनीने पेन हातात घेतलेही होते. कागद कोरा दिसला म्हणून मी तिला थांबवले, एवढेच.

आपल्या खात्याचा कागद १० दिवसांत यायचा होता. दलाल पाचव्या दिवशी आला. खात्याचा कागद आजवर आलेला नाही.

हे पत्र खुले ठेवले आहे, कारण आज कुठल्याशा वॉर्डाबाहेर बाकावर बसलेल्या माणसानेही ते वाचावे असे मला वाटते. तो कागद न मिळाल्याने आमच्या घरात काय काय समज धरून आम्ही बसलो होतो, ते आधी सांगते.

मित्राच्या गाडीचा विमा फक्त थर्ड पार्टीचा होता. त्यामुळे आत बसलेल्या दादाला काही मिळणार नाही, असे आम्हाला चार जणांनी सांगितले आणि आम्ही मानले. त्यात अर्धेच खरे आहे. खासगी गाडीत बसलेल्या माणसाला त्याच गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा सहसा संरक्षण देत नाही, त्यासाठी मालकाची सर्वसमावेशक पॉलिसी लागते. पण ज्या मोटारीने धडक दिली तिच्या दृष्टीने दादा हा ‘तृतीय पक्ष’च आहे. प्रत्येक वाहनाला हा विमा कायद्याने सक्तीचा आहे तो अशाच माणसासाठी. गाडीच्या नंबरावरून ‘एमपरिवहन’ ॲपवर विमा कुठल्या कंपनीचा आहे आणि कधीपर्यंतचा आहे, हे पाहता येते. आम्हाला ते कळायला चार महिने गेले.

दुसरा समज असा की पोलिसांची केस संपल्याशिवाय भरपाई मागता येत नाही. चालकावरचा फौजदारी खटला आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढचा भरपाईचा दावा या दोन वेगळ्या वाटा आहेत. एकीचा निकाल लागायची वाट पाहत दुसरी अडून राहत नाही. शिवाय दावा अपघात झाला त्याच जिल्ह्यात लावावा लागतो असेही नाही. जखमी माणूस राहतो किंवा व्यवसाय करतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही तो दाखल होतो. कुबड्या घेऊन दोनशे किलोमीटर जाणाऱ्या माणसाला ही एक ओळ वेळेवर कळणे केवढे मोठे आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता मुदतीविषयी, कारण मला सगळ्यात भीती वाटते ती तिथे. मोटार वाहन कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीनंतर दाव्याला कालमर्यादा उरली नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करणे बंधनकारक झाले. मांडीत रॉड घातलेला माणूस सहा महिन्यांत जेमतेम वॉकरवर येतो. आम्हाला ही मुदत पाचव्या महिन्यात कळली, तीही तालुक्याच्या कोर्टात दुसऱ्याच कामासाठी आलेल्या एका बाईंकडून. त्या भेटल्या नसत्या तर? नुसत्या मुदतीच्या कारणावरून असे अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तो दिलासा आहेच, पण वाचकांनी त्याच्या भरवशावर एक दिवसही घालवू नये.

आणि महोदय, यातली सर्वात बोचणारी गोष्ट ही की पोलिसांनी आपले काम वेळेत केले तर जखमीला वेगळा अर्ज करायचीच गरज पडू नये अशी योजना कायद्यात आहे. ४८ तासांत प्राथमिक अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल, ९० दिवसांत तपशीलवार अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे जायचा. तो पोहोचला की मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ नुसार न्यायाधिकरणाने तोच भरपाईचा अर्ज समजायचा. म्हणजे ठाण्यातून वेळेवर गेलेला एक अहवाल हाच दादाचा दावा झाला असता. त्याला मुदत शोधत, वकील शोधत, झेरॉक्सच्या दुकानात रांगा लावत फिरावे लागले नसते.

सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०२२ च्या निकालात यावरच बोट ठेवले होते. प्रत्येक पोलीस ठाण्यात, निदान शहर पातळीवर, अपघात दाव्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या पोलिसांचे स्वतंत्र पथक तीन महिन्यांत उभे करा, असा तो आदेश होता. तो राज्यांच्या गृह विभागांच्या प्रमुखांना आणि पोलीस महासंचालकांना उद्देशून होता. आमच्या ठाण्यात मी या पथकाविषयी विचारले तेव्हा समोरच्या अधिकाऱ्यांनी मलाच विचारले, ‘कुठलं पथक?’ मी त्यांना दोष देत नाही. त्यांनाही कुणी सांगितले नसावे. पण मग सांगायचे कुणी?

पैशाच्या बाबतीत दोन गोष्टी नमुना २ सोबत तोंडीही समजावून सांगितल्या पाहिजेत.

पहिली कलम १६४ ची. चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख रुपये मिळण्याची ती तरतूद आहे. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापतच. रक्कम लवकर येते, आणि इस्पितळाचे बिल डोक्यावर असताना २.५ लाख हा आकडा देवासारखा वाटतो. पण ती रक्कम त्या पद्धतीने स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा मोठा दावा आपोआप संपुष्टात येतो. हे सही करण्याआधी माणसाला माहीत असायला नको का? ज्याचे हाड नीट जुळले आणि जो दोन महिन्यांत कामावर गेला त्याला कदाचित तेवढे पुरेल. ज्याचे हातावरचे कामच गेले, त्याच्यासाठी ती सही आयुष्यभराचा तोटा आहे.

दुसरी गोष्ट अपंगत्वाच्या टक्क्यांची. वैद्यकीय मंडळाने दादाला २८ टक्के कायमचे अपंगत्व लिहून दिले. विमा कंपनीच्या माणसाने लगेच हिशेब मांडला : २८ टक्के अपंगत्व, तर २८ टक्के कमाई बुडाली. दादा ते ऐकून गप्प बसला. तो आता शिडी चढू शकत नाही. शिडी न चढणाऱ्या वायरमनला कोण बोलावणार? सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच एका निकालात हे स्पष्ट केले आहे की शरीराचे अपंगत्व आणि कमाईची हानी एकच नव्हेत. डावा हात गमावलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, त्याच दुखापतीने सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित जाणारही नाही, असे उदाहरण त्या निकालात आहे. म्हणून दाव्यात माणूस नेमके काय काम करत होता याचा पुरावा लागतो : कामाची बिले, बँकेचे पासबुक, ज्यांच्याकडे काम केले त्यांची साक्ष. ही कागदपत्रे पहिल्या आठवड्यापासून जपायची असतात. वहिनीने शिधापत्रिकेसारखी जपलेली इस्पितळाची फाइल, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची प्रत्येक पावती आज उपयोगी पडते आहे. दादाची कामाची वही मात्र पावसात भिजून गेली होती, आणि ती फेकून देऊ नये हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

(घर सांभाळणाऱ्या गृहिणींना ‘कमाईच नाही’ म्हणून कमी देकार दिला जातो, तोही चुकीचा आहे. गृहिणीच्या श्रमाला मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालाने पुन्हा ठामपणे सांगितले.)

वकिलाबद्दलही लोकांना सांगा. मिळणाऱ्या भरपाईत टक्का मागणे वकिलांना त्यांच्याच बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे आणि दिव्यांग नागरिक यांना उत्पन्न न पाहता, आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या इतरांनाही, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्याच्या तालुका समितीचे कार्यालय तालुक्याच्या कोर्टातच असते. आम्ही त्याच कोर्टाच्या आवारात तीनदा जाऊन आलो होतो, दारावरची पाटी न वाचता.

हे सगळे एका घराचे झाले. माहिती न पोहोचण्याची किंमत देशभर किती आहे हे पाहायचे तर धडक देऊन पळून गेलेल्या वाहनांचा हिशेब पाहावा. अशा अपघातात गाडीचा पत्ता लागला नाही तरी मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. अर्ज उपविभाग किंवा तालुका पातळीवरच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा. २०२२ साली देशात असे ६७,३८७ अपघात झाले. २०२२-२३ या आर्थिक वर्षात योजनेत आलेले अर्ज २०५, आणि मंजूर झालेले ९५. हे आकडे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये नोंदवले आहेत. मी ते दोनदा वाचले. पैसे आहेत, योजना आहे, अधिकारी नेमलेला आहे, आणि हजारो घरांना त्याची गंधवार्ता नाही. महिनाभरात गाडी सापडली नाही तर ठाणे प्रमुखाने पीडिताला लेखी पत्र देऊन ही योजना आणि त्या अधिकाऱ्याचा पत्ता कळवावा, असा आदेश न्यायालयाने त्याच वेळी दिला. महाराष्ट्रात अशी किती पत्रे गेली, हे जिल्हावार जाहीर करावे, ही माझी विनंती आहे.

नमुना २ साठी माझे मागणे साधे आहे. तो मराठीत, मोठ्या अक्षरात छापा. जबाब घ्यायला जाणाऱ्या हवालदाराच्या पिशवीत त्याची प्रत असू द्या. जबाबावर सही घेतात तशीच ‘नमुना २ मिळाला’ म्हणून जखमीची किंवा नातेवाइकाची तारखेसह सही घ्या आणि ती तपासाच्या कागदांत लावा. वरिष्ठांच्या मासिक आढाव्यात ती मोजली गेली की कागद आपोआप वॉर्डात पोहोचेल. अपघातग्रस्तांना ७ दिवसांपर्यंत १.५ लाख रुपयांचे उपचार विनारोकड देणारी केंद्राची योजना ५ मे २०२५ ला अधिसूचित झाली आहे. तिचे चार शब्द त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मावतील. आणि वॉर्डात फिरणाऱ्या दलालांपर्यंत जखमींची नावे कोण पोहोचवते, याची चौकशी व्हावी. पाचव्या दिवशी आलेल्या त्या माणसाला दादाच्या हाडापर्यंतची माहिती कुणी दिली, हा प्रश्न मला अजून छळतो.

दादाचा दावा चालू आहे. पुढच्या तारखेला डॉक्टरांची साक्ष आहे. राजपत्रात छापलेला नमुना २ मी स्वतः बसून मराठीत उतरवला आहे. साडेतीन पाने झाली. गेल्या महिन्यात शेजारच्या गल्लीतल्या एका मुलाचा अपघात झाला तेव्हा त्याच्या आईला मी त्याची प्रत नेऊन दिली. खात्याला मजकूर उपयोगी वाटला तर तो कळवाल तिथे आणून देईन.

आपली विश्वासू,
एका अपघातग्रस्ताची बहीण