दंड ११.२, सूज नाही: अंगणवाडीच्या ताईंना आभाराचं पत्र

अंगणवाडीच्या ताई,

सप्रेम नमस्कार.

मेळघाटातल्या पाड्यांवरून आमच्या पोषण पुनर्वसन केंद्रात मूल येतं, तेव्हा त्याच्या आईच्या हातात तुमची चिठ्ठी असते. ‘दंड ११.२. सूज नाही. चार दिवस जुलाब. सकाळपासून अंगावर प्यायलं नाही.’ आमचा पहिला तास या चार ओळींवर ठरतो. आभार मानायचे आहेत ते या ओळींचे, आणि त्या लिहिण्याआधी तुम्ही जे करता त्याचे.

दंडाचा घेर मोजणं दिसायला सोपं. पण डावा हात कोपरात काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंतचा मध्य काढायचा, तिथं पेनाने खूण करायची, मग हात सैल सोडून पट्टी फिरवायची, एवढं सगळं रडणाऱ्या मुलावर करावं लागतं. नुसत्या नजरेने मध्य धरला तर पट्टी वर-खाली सरकते. आवळली तर कातडीला चुणी पडते आणि घेर कमी भरतो. सैल राहिली तर लाल मूल पिवळ्यात जातं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते अतितीव्र कुपोषित, म्हणजे पट्टीवर लाल; ११.५ ते १२.५ च्या आत असेल तर मध्यम, म्हणजे पिवळं; त्यापुढे हिरवं. म्हणजे दोन मिलिमीटरवर त्याची वाट बदलते. तुम्ही दोनदा मोजता ते आम्हाला कळतं, कारण आमचा आकडा तुमच्याशी जुळतो.

पट्टी हिरवी आली तरी तुम्ही दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून पाहता. दोन्हीकडे खळगा राहिला तर मूल अतितीव्रच, मग पट्टी आणि काटा काहीही म्हणोत. सुजेतलं पाणीही काट्यावर चढतं. ‘बाळ गुबगुबीत झालंय’ असं घरचे कौतुकाने सांगत असतात तेव्हाच हा अंगठा लागतो.

वजनाआधी कपड्यांसोबत करदोटा आणि कडी काढायला लावणं हे भांडणाचं काम आहे, तेही तुम्ही करता. दोन वर्षांखालचं मूल निजवून आणि त्यावरचं उभं करून मोजायचं, हे तुम्ही कधी चुकवत नाही. निजवून घेतलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त भरते, त्यामुळे पद्धत बदलली की मूल चुकीच्या रकान्यात पडतं. वयाच्या मानाने वजन कमी असलेलं प्रत्येक मूल आमच्याकडे पाठवायचं नसतं, हेही तुम्हाला नीट ठाऊक आहे. कित्येक मुलं उंचीने खुजी असतात आणि त्या उंचीला त्यांचं वजन बरोबर असतं. त्यांना खाट नको, घरचं खाणं सुधारायला हवं.

लाल मुलांची संख्या वाढली की बैठकीत जाब तुम्हालाच विचारतात. तरी तुम्ही ११.४ चं ११.६ करत नाही. याचे आभार मानायला आमच्याकडे पुरेसे शब्द नाहीत.

निवड हे तुमचं दुसरं मोठं काम. मूल लाल आहे, पण भूक चांगली, ताप-जुलाब-सूज नाही, तर ते गावातच, ग्राम बाल विकास केंद्रात, दिवसातून पाच-सहा वेळा खाऊन सुधारू शकतं. खायला नाकारणारं, सुस्त पडलेलं, अंग गार पडलेलं, धाप लागलेलं किंवा सुजलेलं मूल मात्र त्याच दिवशी निघालं पाहिजे. ही चाळणी गावात झाली नाही तर इथं खाटा भरतात आणि खरं गंभीर मूल दारात थांबतं.

वाटेतले तास सगळ्यांत घातक. अशा मुलाची साखर उपाशीपोटी झपाट्याने उतरते आणि अंग गार पडतं. म्हणून मूल शुद्धीत असेल तर निघण्याआधी तुम्ही शीग भरलेला एक छोटा चमचा साखर साडेतीन मोठे चमचे पाण्यात विरघळवून पाजता, अंगावरचं दूध चालू ठेवायला सांगता आणि बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वर गोधडी गुंडाळता. वाटेत ‘अशक्तपणा आहे, सलाईन लावून जा’ म्हणणारे भेटतात, त्यांना तुम्ही आईमार्फत अडवता. या मुलांचं हृदय दुबळं असतं. धक्क्याची अवस्था (शॉक) नसताना शिरेतून पाणी गेलं तर ते हृदयाला पेलत नाही. लोहाचं सिरपही सुरुवातीला नको. जंतुसंसर्ग आटोक्यात येऊन मूल नीट खाऊ लागलं, वजन चढू लागलं, की मग द्यायचं.

आमच्याकडे आल्यावर आयांचा पहिला राग दुधावर असतो. सूज नसलेल्या सहा किलोच्या मुलाला एफ-७५ हे सुरुवातीच्या उपचाराचं खास दूध दर दोन तासांनी फक्त ६५ मिलिलिटर मिळतं. ‘दवाखान्यात पोराला उपाशी ठेवतात’ म्हणून काही जणी तिसऱ्या दिवशी निघून जायच्या. उपाशी शरीरात एकदम अन्न ओतलं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम कोसळतं आणि जीव जाऊ शकतो, हे तुम्ही त्यांना घरीच त्यांच्या बोलीत सांगून पाठवता. तशा आया टिकतात.

खाण्याबद्दल तुम्ही डाळीच्या पाण्याशी जी लढाई लावली आहे ती आम्हाला फार आवडते. वाटीभर डाळीच्या पाण्याने पोट भरतं आणि अंगी काही लागत नाही. कुटकीची किंवा तांदळाची खिचडी चमचा वाकडा केला तरी ओघळू नये इतकी घट्ट, त्यात छोटा चमचाभर तेल म्हणजे ४५ कॅलरी, वर भाजलेल्या शेंगदाण्याचं बारीक कूट. घरपोच आहाराचं पाकीट चार भावंडांत वाटलं जातं हे गृहीत धरून तुम्ही आजारी मुलाची वाटी वेगळी काढायला लावता, तेही बरोबरच.

आणि मुलाला मोजताना ओसरीवरचे आजोबा तुमच्या नजरेतून सुटत नाहीत. सैल झालेली अंगठी, मनगटावरून घसरणाऱ्या बांगड्या, दात नसल्याने भाकरी सोडून नुसत्या चहावर काढलेले दिवस. मोठ्यांमध्ये बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १८.५ च्या खाली, किंवा तीन ते सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरणं, म्हणजे ५० किलोच्या माणसाचं पाच किलो, ही दवाखान्याची वेळ. सोबत दोन आठवड्यांचा खोकला असेल तर थुंकी तपासायचीच. झारखंडमधल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्षयरुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा दिल्यावर त्यांच्यातला नवा क्षय ३९ टक्क्यांनी घटला. म्हणून त्या घरातल्या सगळ्यांचं वजन तुम्ही घेता ते योग्य आहे. क्षयरुग्णाचे महिन्याचे पोषणाचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून एक हजार रुपये झाले आहेत, खात्याअभावी ते अडकले असतील तर आशाताईंना सांगा. २३ सेंटिमीटरच्या आतला दंड असलेल्या गरोदर बाईचं नावही असंच चिठ्ठीवर येत राहू द्या.

कामाला बाहेर गेलेली इथली कोरकू आदिवासी कुटुंबं होळीला गावी येतात. तेवढ्या दिवसांत तुम्ही घरोघर फिरता. वर्षातली बरीच हरवलेली लाल मुलं आम्हाला त्याच आठवड्यात सापडतात.

सुटी झालेल्या मुलांच्या चार फेरतपासण्या दर १५ दिवसांनी आहेत. दंडावरून दाखल झालेलं मूल दंडावरूनच बरं ठरवायचं: १२.५ किंवा त्याहून जास्त, आणि दोन आठवडे सूज नाही. यादी आणि नव्या पट्ट्या चिठ्ठी घेऊन येणाऱ्या आशाताईंबरोबर पाठवत आहोत. जुन्या पट्ट्यांवरची ११.५ ची रेघ घासून पुसट झाली आहे, त्या वापरू नका.

आपले,
पोषण पुनर्वसन केंद्रातील डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि स्वयंपाकीण मावशी