फोंड्याचं कपाट आणि रोजचा एक खून

इप्सविच, इंग्लंड

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "हल्ली काय वाचतेस?" आणि मी "असंच काहीतरी" म्हणून वेळ मारून नेली. खरं सांगू? खून वाचते. भांडी आवरली, दिवा बारीक केला की रोज रात्री एक खून. हसू नकोस. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला धनंजय पोथीत लपवून वाचणारी तूच होतीस, असं आई सांगायची.

पण हे खून निराळे. रक्त दिसत नाही, मुडदा पहिल्या वीस पानांत उरकतो आणि पुढे सगळा कारभार चहा, कुत्री आणि शेजाऱ्यांच्या भोचकपणाचा. शोध लावणारं माणूस पोलिसातलं नसतंच. कुणी बेकरीवाली असते, कुणी ग्रंथपाल. बेकरीवालीला मयताच्या घरात शिरायला दर वेळी काहीतरी निमित्त काढावं लागतं, ते मला फार ओढूनताणून वाटतं. म्हणून माझा जीव जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांवर. म्हातारा गेला की तेराव्याआधी घरात कोण येतं? वकील आणि जुनं सामान घेणारा. त्याला माळा, तळघर, कपाटाची मागची बाजू, सगळं राजरोस बघता येतं. शिवाय भांडणाचं मूळ तिथंच धूळ खात पडलेलं असतं.

यातला सगळ्यांत नावाजलेला लव्हजॉय. 1977 साली आलेल्या कादंबरीतला हा व्यापारी याच आमच्या भागातला, ईस्ट अँग्लियातला. लिहिणारे जोनाथन गॅश मुळात डॉक्टर, खरं नाव जॉन ग्रँट. 1986 साली बीबीसीवर त्याची मालिका झाली, मग मध्ये पाच वर्षं खंड, आणि 1991 ते 1994 पुन्हा. लव्हजॉय पुस्तकात चांगलाच लबाड आहे, टीव्हीवर त्याला गोड करून टाकलाय. मला पुस्तकातला आवडतो. माणसांना सर्रास फसवतो, पण अस्सल वस्तू समोर आली की त्याला आतून कळतं आणि मग तिच्याशी खोटं वागवत नाही.

आता फोंड्याच्या घराचं सांगते. चवथीला गेले होते ना, गणपतीवरची माटोळी उतरवल्यावर दोन दिवसांनी मामानं मडगावच्या एका जुनं सामान घेणाऱ्याला बोलावलं. राजांगणाशेजारच्या खोलीतलं शिसवी कपाट काढायचं होतं. त्यानं बोटानं टकटक केलं, तोंड वाकडं केलं. म्हणाला, साठेक वर्षांचं असेल, भुंगा लागलाय, जळणाच्या भावानं नेतो. मामी चहा ठेवायला आत गेली तेवढ्यात तो पडवीत फोनवर कुणाला तरी सांगत होता, "भायल्या गिरायकाक दाखयतां." म्हणजे बाहेरच्या गिऱ्हाइकाला दाखवतो. माझे कान टवकारले. साठ वर्षांचं भुंगा लागलेलं जळण जहाजानं कोण नेईल? आणि शंभरी उलटलेलं असेल तर पुरावस्तूंच्या 1972 च्या कायद्यानं ते देशाबाहेर जाऊच शकत नाही. दोन्हींतलं एक काहीतरी खोटं होतं.

तो गेल्यावर मी खालचा खण ओढला. पावसानं फुगून गच्च बसलेला. मामानं कडांना मेणबत्ती चोळली तेव्हा कुठे हलला. विजेरी घेऊन बघते तर भुंग्याची भोकं अगदी खरी, वाकडीतिकडी आत गेलेली (नकली करतात ती ड्रिलनं, सरळ). कुलपाचा एक स्क्रू काढला. डोक्यावरची खाच मधोमध नाही, एका बाजूला सरकलेली, आणि खालचं टोक बोथट. हातानं घासून केलेला. टोकदार, यंत्रावरचे स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आले. म्हणजे कपाट त्याआधीचं? छाती ठोकून नाही सांगत मी. सुतार जुने स्क्रू जपून ठेवतात आणि नव्या कामाला लावतात. पण साठ वर्षांचं काही वाटत नाही मला. मामा म्हणाला, "शिगम्यापर्यंत राहू दे इथंच." मामी काही बोलली नाही, पण संध्याकाळी पातोळ्या केल्या.

खरी गंमत पुढेच. खण पूर्ण बाहेर काढल्यावर मागच्या फळीत एक फट दिसली. माझा हात जाईना, मामाचा तर नाहीच. शेवटी त्याच्या आठ वर्षांच्या नातीनं मनगटापर्यंत हात घातला आणि चिंधीची पुरचुंडी काढली. आत एक एस्कुदोचं नाणं, पोर्तुगीज अमदानीतलं, वर 1959.

आता बघ. आजीला पैसे लपवायचे तर तिची तांदळाची कणगी होती. मोठ्या माणसाचा हात तिथं पोचत नाही. 1959 नंतर तिथं हात पोचणारं पोर घरात एकच. मामा पाळण्यात, आई जेमतेम चालणारी, आणि तू दहा वर्षांची. चिंधी चोळीच्या हिरव्या खणाची आहे, काठाला लाल दोरा. मामाला ओळखू येईना, म्हणून तिचा फोटो सोबत पाठवतेय.

कुणाचे चोरलेस गं पैसे?

तुझी,
बेबी

ता. क. नाणं मामाकडेच आहे. मी इकडे आणलेलं नाही.